सत्ताविसावी स्लाइड: एका ऑनलाइन निवडुंग-व्याख्यानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

निवडुंग आणि सक्युलंट (जाड पाना-खोडांत पाणी साठवणारी झाडं) वाढवणाऱ्यांचं आमचं पुण्यात एक छोटं मंडळ आहे. नोंदणी नाही, कार्यालय नाही, वर्गणी हिवाळ्यातल्या प्रदर्शनाच्या मांडवापुरती. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर जमायचं, कुंड्या बघायच्या, मातीच्या मिश्रणावरून वाद घालायचा (विटांचा चुरा की सिंडर, हे भांडण अजून मिटलेलं नाही) आणि निघताना पिशवीत झाडाचं एखादं पिल्लू घेऊन जायचं. २०२० च्या मार्चमध्ये गच्च्या बंद झाल्या आणि दोन-तीन महिन्यांत आम्ही झूमवर आलो.

कल्पना आमची नव्हती. अमेरिकेतली १९२९ पासूनची कॅक्टस अँड सक्युलंट सोसायटी लॉकडाउनमध्ये वेबिनार घेत होती आणि आमच्यातले दोघं रात्री जागून ते ऐकायचे. त्यातल्या एकाने विचारलं, हेच मराठीत का नको? पहिलं व्याख्यान मिलीबग या किडीवर झालं. फुकटच्या खात्याला चाळीस मिनिटांची मर्यादा असते हे आम्हाला ठाऊक होतं, वक्त्याला नव्हतं. ‘‘आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे,’’ एवढं बोलून ते गायब झाले. पुढच्या महिन्यात पैसे भरले.

हळूहळू पुण्याबाहेरचे लोक यायला लागले. सांगली, नाशिक, साताऱ्याचे, आणि न्यू जर्सीहून एक जोडपं. त्यांच्यासाठी आम्ही संध्याकाळी सहाची वेळ ठरवली, उन्हाळ्यात तिकडे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. विषय मात्र फिरून फिरून तेच: मेक्सिकोतले एरिओकार्पस, चिलीतले कोपियापोआ, दक्षिण आफ्रिकेतले लिथॉप्स. एकदा ‘निवडुंग’ या शब्दावरच तासभर गेला. आपण फड्यालाही निवडुंग म्हणतो आणि शेताच्या बांधावरच्या त्रिधारीलाही. फड्या अमेरिकेतून आलेला खरा कॅक्टस आहे. त्याच्या काट्यांच्या बुडाशी लोकरीसारखी बारीक गादी असते. त्रिधारी युफोर्बिया आहे, इथलाच, आणि खरचटला की पांढरा चीक गाळतो. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्या चर्चेच्या शेवटी साताऱ्याच्या एक बाई म्हणाल्या, ‘‘सगळं मेक्सिकोचं आणि आफ्रिकेचं. आपल्याकडे आपलं असं काही नाहीच का?’’

आहे. या प्रकरणाची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली. मी मंडळाच्या तीन संयोजकांपैकी एक. पुढच्या मजकुरात माणसांचे ओळख पटवणारे तपशील बदलले आहेत आणि एका किल्ल्याचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही.

विषय आणि वक्ते

शिंदळ माकुडी हे नाव ऐकून लोक आधी हसतात. (पहिल्या शब्दाचा अर्थ शब्दकोशात बघा, मी सांगणार नाही.) शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. १८६० च्या दशकात डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्नर परिसरातल्या झाडावरून तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव दिलं. आता बरेच शास्त्रज्ञ तिला कॅरालुमाच्या किंवा बाउसेरोसियाच्या कुळशाखेत टाकतात, पण आमच्या मंडळात सगळे ‘फ्रेरिया’च म्हणतात.

ती जगात फक्त महाराष्ट्रात उगवते, तेही सह्याद्रीतल्या मोजक्या उभ्या कड्यांवर. बोटाएवढी जाड मांसल खोडं कातळाच्या खाचेतून खाली लोंबत असतात. तिच्या भाऊबंदांना, म्हणजे आपल्या माकडशिंगीसारख्यांना, नाव घेण्याजोगी पानं नसतात. हिला पावसाळ्यात चांगली लंबगोल पानं येतात आणि कोरड्या दिवसांत गळून जातात. फूल रुपयाच्या नाण्याएवढं, पाच पाकळ्यांचं, गडद तपकिरी-जांभळं, त्यावर पिवळे डाग. वास घाण. तो माशांसाठी असतो, आपल्यासाठी नाही. संग्रह करणाऱ्यांना आणखी काय हवं?

वक्ते म्हणून एका महाविद्यालयातून निवृत्त झालेले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिळाले. पंचवीस वर्षं कडे धुंडाळलेले. त्यांना आम्ही सगळे सरच म्हणतो. सर एका फोनवर तयार झाले. ‘‘स्लाइड आहेत माझ्याकडे, विद्यार्थ्यांना दाखवायचो त्याच. तुम्ही फक्त लिंक पाठवा.’’

इथे निर्णयाची पहिली वेळ होती आणि आम्ही ती ओळखलीच नाही. मिलीबगच्या वक्त्याच्या स्लाइड आम्ही आधी मागवल्या होत्या, कारण त्यांना पॉवरपॉइंट जमत नव्हतं. सरांच्या मागवल्या नाहीत, कारण ते सर. त्यांच्या स्लाइड तपासणारे आम्ही कोण, असं तिघांनाही वाटलं. पैकी दोघं त्यांचे माजी विद्यार्थी.

तो रविवार

२०२१ च्या ऑगस्टमधला दुसरा रविवार. बाहेर पाऊस, आत शंभराच्या वर माणसं, आमच्या मानाने विक्रमच. सर फार सुंदर बोलले. कड्यावर गवत आधी वाळतं की माकुडीची पानं आधी गळतात यावरून वणव्यात ती वाचणार की नाही हे कसं ठरतं, शेळ्या कुठवर पोचतात आणि कुठे पोचत नाहीत, खाचेतली माती मूठभर असली तरी ती तिथे कशी टिकते. न्यू जर्सीच्या बाईंनी त्यांच्या खिडकीतली माकुडी कॅमेऱ्यासमोर धरली. बारा वर्षांपूर्वी एका जर्मन नर्सरीच्या रोपापासून आलेली. सरांना त्याचं फार कौतुक वाटलं.

सत्ताविसावी स्लाइड साधारण पस्तिसाव्या मिनिटाला आली. पूर्ण पडदाभर एक कडा, मधोमध फुललेला झुबका, आणि खाली उजव्या कोपऱ्यात जीपीएस कॅमेऱ्याच्या अ‍ॅपची काळी पट्टी: छोटा नकाशा, गावाचं नाव, तालुका, पिनकोड, अक्षांश-रेखांश दशांशाखाली सहा आकड्यांपर्यंत, तारीख, वेळ. अशा पाच स्लाइड ओळीने होत्या.

सरांनी ते मुद्दाम केलं नव्हतं. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनाला सहलींचे आणि उपक्रमांचे फोटो जिओटॅग केलेले, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले लागतात. निवृत्तीआधीच्या शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या फोनवर तेच अ‍ॅप कॅमेरा म्हणून बसलं होतं. ज्यांनी कॉलेजात नोकरी केली आहे त्यांना ती काळी पट्टी आता दिसतसुद्धा नाही. मलाही नाही दिसली. मी त्या वेळी उशिरा आलेल्यांना आत घेत होते.

प्रश्नोत्तरांत एकाने चॅटमध्ये विचारलं, ‘‘सर, एक्झॅक्ट कुठे मिळेल बघायला?’’ सर सफाईने म्हणाले, ‘‘पावसाळ्यात सह्याद्रीत भटकत राहा, दिसेल कधीतरी.’’ म्हणजे त्यांना धोका कळत होता. पण आमच्याच एका हौशी ट्रेकर सभासदाने लगेच चॅटमध्ये टाकलं: अमुक किल्ला, दुसऱ्या दरवाज्याच्या अलीकडे डावीकडे पायवाट, टाक्याच्या वर बघा. खाली चार अंगठे आणि एक ‘थँक्स दादा’.

हे मी वाचलं. पुसायला हवं असं मनात आलंही. पण शंभर जणांसमोर एका जुन्या सभासदाला गप्प करणं बरं दिसेना, आणि पाच मिनिटांत कार्यक्रम संपणारच होता. त्या रात्री दहा वाजता मी रेकॉर्डिंग यूट्यूबवर चढवलं, सगळ्यांना दिसेल असं. ‘ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी’ म्हणून ग्रुपवर लिंक टाकली आणि सोबत झूमने जपून ठेवलेली चॅटची फाइलही जोडली, कारण तिच्यात सरांनी सांगितलेली पुस्तकांची नावं होती. एकदाही न बघता.

अडचण

पावणेबाराला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या आमच्या एका सभासद मुलीचा मेसेज आला: ‘‘ताई, सत्ताविसावी स्लाइड बघितलीत का?’’

मी बघितली. पुढच्या चारही बघितल्या. एक आकडा कॉपी करून नकाशात टाकला तर पिन थेट कड्यावर पडली. हे म्हणजे एखाद्याच्या घराची किल्ली कुठल्या कुंडीखाली आहे हे लाउडस्पीकरवर सांगण्यासारखं झालं होतं. सकाळपर्यंत व्हिडिओ दोनशेच्या वर लोकांनी पाहिला. आमच्या व्हिडिओंना एरवी महिन्यात तेवढे मिळत नाहीत.

रात्रीच तिघांचा फोन झाला. आमचे खजिनदार काका शांत होते. ‘‘एवढ्याशा रोपासाठी कड्यावर कोण चढतंय?’’ त्यांचा प्रश्न वाजवी वाटला असता, पण त्या मुलीने आधीच काही गोष्टी पाठवून ठेवल्या होत्या. २०२० मध्ये इटलीतल्या सेनिगालियात एका संग्राहकाच्या घरी हजाराच्या आसपास कोपियापोआ आणि एरिओसायसी सापडली होती. चिलीच्या अटाकामा वाळवंटातून उपटून आणलेली, काही शंभर वर्षांहून जुनी असावीत अशी. त्यातली आठशेच्या वर रोपं पुढच्या वर्षी विमानाने चिलीला परत गेली. दक्षिण आफ्रिकेत अंगठ्याएवढ्या कोनोफायटम या सक्युलंटसाठी २०१९ नंतर चोरीची लाटच आली आहे, आणि विक्री बव्हंशी ऑनलाइन होते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) २०१५ मधल्या मूल्यमापनानुसार निवडुंगांच्या ३१ टक्के जाती धोक्यात आहेत, आणि त्याच्या मुख्य कारणांमध्ये संग्रहासाठी झाडं आणि बिया काढून नेणं आहे. ते काढून नेणारे आमच्यासारखेच असतात. झाडांवर प्रेम नसलेला माणूस या भानगडीत पडत नाही.

काका म्हणाले, ‘‘ते मेक्सिको-चिलीचं झालं.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘बरं, काढा तो व्हिडिओ.’’

पर्याय

सकाळी प्रश्न वाटला होता त्याहून गुंतागुंतीचा निघाला.

व्हिडिओ पूर्ण काढून टाकणं सगळ्यात सोपं. पण ते सरांचं पंचवीस वर्षांचं काम होतं, आणि त्यांना न विचारता काढणं म्हणजे त्यांनी काही गुन्हा केल्यासारखं. दुसरा पर्याय, यूट्यूबच्या संपादकातच तेवढा कोपरा धूसर करणं. दुवा तोच राहतो, पण प्रक्रियेला वेळ लागतो आणि तोवर मूळ व्हिडिओ चालू राहतो. तिसरा, लिंक असलेल्यांनाच दिसेल असं करून ठेवणं. काकांना हा आवडला. पण लिंक तर तीन ग्रुपमध्ये फिरून चुकली होती. ज्यांच्यापासून जपायचं त्यांच्याच हातात ती असणार. चौथा पर्याय, काहीच न करणं, आणि तो सरांनीच मांडला.

मी त्यांना सकाळी आठला फोन केला. आधी ते गप्प झाले, मग चिडले. त्यांचं म्हणणं असं, ‘‘अहो, वनस्पतिकोशांमध्ये ठिकाणं छापलेली आहेत. दीडशे वर्षांपासून छापताहेत. संशोधनपत्रांत किल्ल्यांची यादी आहे. लपवून काय होणार? उलट लोकांना कळलं तर ते राखतील. आणि मी काय चोरांना पत्ता देतोय का?’’

यातला पहिला मुद्दा खोडणं सोपं नाही आणि मी तेव्हा खोडूही शकले नाही. नंतर विचार केला तेव्हा फरक लक्षात आला. वनस्पतिकोशात किल्ल्याचं नाव असतं. किल्ला म्हणजे अर्धा डोंगर. तो धुंडाळून उभ्या कड्यावरची माकुडी शोधायची तर माणसाला झाड ओळखता यायला हवं, पावसात चार-सहा फेऱ्या मारायला हव्यात, आणि एवढं करणारा माणूस बहुधा सरांसारखाच होतो. अक्षांश-रेखांश असले की यातलं काहीच लागत नाही, मोटारसायकल आणि मोबाइल पुरतो. दुसरा मुद्दा, लोकांना कळलं तर राखतील, तोही खरा आहे, पण गावातल्या लोकांच्या बाबतीत. यूट्यूबवरचे दोनशे लोक त्या गावचे नव्हते.

तिसऱ्या मुद्द्यावर मी फक्त ‘‘नाही हो सर’’ एवढंच म्हटलं. तिथे जास्त बोलायला हवं होतं. चूक त्यांच्या स्लाइडची नव्हती, न तपासता चढवणाऱ्या आमची होती, हे मी फोनवर स्पष्ट म्हटलं नाही. पुढचे जवळजवळ तीन महिने आम्हाला त्याची किंमत मोजावी लागली.

काय केलं

सोमवारी सकाळी साडेनवाला व्हिडिओ खाजगी केला. ग्रुपमधून लिंक आणि चॅटची फाइल पुसली. पण पुसली तरी ज्यांनी उतरवून घेतली त्यांच्याकडे ती राहणारच. मग प्रश्न, कारण सांगायचं का? सांगितलं तर ज्यांचं लक्ष गेलं नव्हतं त्यांचंही जाणार. आम्ही ‘तांत्रिक अडचणीमुळे’ असं लिहिलं. पटलं कुणालाच नाही, आणि दोघांनी लगेच विचारलं, ‘‘मी डाउनलोड केलाय, टाकू का परत?’’ त्या दोघांना वेगळा फोन करून खरं सांगितलं. दोघांनीही पुसल्याचं कळवलं.

नऊ दिवसांनी तीच मुलगी एक स्क्रीनशॉट घेऊन आली. रोपांच्या खरेदी-विक्रीच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात होती: ‘फ्रेरिया इंडिका, किल्ल्यावरची ओरिजिनल, ३ छाट उपलब्ध, रु. ३५० प्रत्येकी, कुरिअर वेगळं.’ फोटोत वर्तमानपत्रावर ठेवलेली तीन खोडं. कुंडीत वाढलेली माकुडी गुळगुळीत, हिरवीगार आणि लांबुळकी असते. ही खोडं आखूड, करडी, एका बाजूने उन्हाने लालसर झालेली होती आणि एकाच्या बुडाला काळसर मातीसकट शेवाळ. जाहिरात देणारा आमच्या त्या रविवारी हजर होता. ‘एक्झॅक्ट कुठे’ विचारणारा नव्हे. चॅटमध्ये अंगठा देणाऱ्या चौघांपैकी एक.

इथे दुसरा मोठा निर्णय होता. कायदा तसा स्पष्ट आहे: राखीव वनातून परवानगीशिवाय रोप काढणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. शिवाय शिंदळ माकुडी जंगली वनस्पतींच्या निर्यातबंदीच्या यादीत आहे. पण आमच्याकडे होता एक फोटो आणि आमचा अंदाज. वनविभागाला कळवायचं की आधी त्याच्याशी बोलायचं?

आम्ही आधी बोललो. मुलगा चोविशीतला, नोकरी गेलेली, घरून रोपं विकून दिवस काढणारा, हे आम्हाला माहीत होतं. काकांनी फोन केला. तो घाबरला, मग म्हणाला, ‘‘काका, माझ्याच कुंडीतली आहेत. ओरिजिनल लिहिलं की जास्त विकतं म्हणून तसं लिहिलं.’’ तासाभरात जाहिरात गेली. तीनपैकी एक छाट त्याने दुसऱ्या दिवशी काकांच्या दारात आणून ठेवली, दोन विकून झाल्या होत्या म्हणाला.

त्यानंतर तीन दिवसांनी आम्ही वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पत्र दिलं. त्यात व्हिडिओचा प्रकार, अक्षांश-रेखांश आणि ‘या जागेवर पावसाळ्यात नजर ठेवावी’ एवढंच लिहिलं. मुलाचं नाव घालायचं की नाही यावर आमच्यात मत पडलं. एक विरुद्ध दोन, घातलं नाही. मी त्या दोघांतली. आजही मला ते बरोबर वाटतं असं नाही आणि चूक वाटतं असंही नाही. नाव द्यावं म्हणणाऱ्या तिसऱ्या सभासदाने एवढंच म्हटलं, ‘‘हाच मुलगा आपल्या ओळखीचा नसता तर?’’

पुढे काय झालं

वनरक्षक जाऊन आले. उकरल्याची खूण दिसली नाही असं त्यांनी तोंडी कळवलं, पण पावसात कातळावर खूण ती काय दिसणार? पुढच्या जुलैत सर स्वतः गेले. त्यांच्या पाच स्लाइडमधल्या पाच झुबक्यांपैकी चार जागेवर होते. पाचवा, सगळ्यात खालचा, हात पोचेल असा, नव्हता. त्या ठिकाणी कड्याचा एक ढलपाही निघालेला होता. ढलप्याबरोबर झुबका गेला की झुबका ओढताना ढलपा निघाला, हे सरांनाही सांगता आलं नाही.

व्हिडिओ अकरा दिवसांनी पुन्हा चढवला. त्या पाच स्लाइडची सात मिनिटं कापून टाकली. सगळ्यात सुंदर सात मिनिटं तीच होती, कारण वणव्याचं आणि शेळ्यांचं बोलणं त्या फोटोंवरच होतं. धूसर करून ठेवला असता तर आवाज तरी राहिला असता, पण सरांनी तोवर फोन उचलणं बंद केलं होतं आणि त्यांच्या परवानगीशिवाय अजून काही करायचं धाडस आम्हाला झालं नाही. त्यांचा राग गेला तो दिवाळीच्या फराळाला मी घरी गेले तेव्हा. बैठकीत बसल्या बसल्या म्हणाले, ‘‘तुम्ही मला आधी स्लाइड मागितल्या असत्या तर मी दिल्या असत्या. राग मला व्हिडिओ काढल्याचा नव्हता. मला कुणी काही विचारलंच नाही, आधीही आणि नंतरही.’’

मग त्यांनीच पुढचा मार्ग काढला. आमच्या एका आजींकडे पंधरा वर्षांची माकुडी आहे, एका मोठ्या टांगत्या कुंडीत, एका संस्थेच्या संग्रहातून रीतसर मिळालेल्या रोपाची. तिच्या छाटांपासून रोपं करायची आणि सभासदांना नोंद ठेवून द्यायची, म्हणजे रानातल्या छाटेला भाव राहणार नाही. याला विरोधही झाला. रोप हातात आलं की हव्यास वाढतो, कमी होत नाही, असं काहींचं मत होतं. दोन्ही बाजूंना पुरावा कुणाकडेच नव्हता. शेवटी दहा छाटा लावल्या. कापल्यावर सावलीत आठवडाभर सुकवायच्या, मग जाड वाळू आणि विटांच्या चुऱ्यात उभ्या करायच्या. दहापैकी सात लागल्या. उरलेल्या तीन आम्हीच मारल्या, नोव्हेंबरात पानं गळाली तेव्हा घाबरून पाणी घातलं म्हणून. पानं गळणं हा तिचा आजार नाही, झोप आहे. त्या काळात तिला कोरडं सोडायचं असतं, आणि हे सरांनी व्याख्यानात सांगितलेलं होतं. कापलेल्या सात मिनिटांत.

मुलाने आणून दिलेली छाट आम्ही वेगळी लावली. तीही लागली. तिच्या कुंडीवर ‘उगम माहीत नाही’ अशी चिठ्ठी आहे. तिच्यापासून रोपं करत नाही, ती कुणाला देतही नाही. दुसऱ्या पावसाळ्यात तिला फुलं आली. काळपट जांभळी, पिवळ्या डागांची, आजींच्या माकुडीसारखीच.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी स्लाइड. सरांच्या बासष्ट स्लाइड नुसत्या डोळ्यांखालून घालायला दहा मिनिटं लागली असती. आता आम्ही व्याख्यानाच्या आधीच्या गुरुवारी वक्त्यासोबत बसतो, समोर किंवा फोनवर, आणि सगळ्यांसोबत बसतो, म्हणजे कुणाला आपल्यावर संशय घेतला असं वाटत नाही. रानातला फोटो असेल तर ठिकाण जिल्ह्यापर्यंतच सांगायचं, तेही जात सर्रास आढळणारी असेल तर. फोटोच्या फाइलमध्ये लपलेलं स्थान वेगळं असतं आणि पडद्यावर ते दिसत नाही. पण वक्ते मूळ फोटो ग्रुपवर पाठवतात तेव्हा ते कधी सोबत जातं, म्हणून फोटो हवे असतील तर आम्ही पडद्याचा स्क्रीनशॉट देतो.

चॅट. तो संदेश मी तिथल्या तिथे पुसायला हवा होता आणि तोंडाने सांगायला हवं होतं की ठिकाण लिहू नका. दादा दुखावले असते तर दुसऱ्या दिवशी चहाला बोलावलं असतं. आता चॅट फक्त संयोजकांना दिसेल असा ठेवतो आणि प्रश्न आम्ही वाचून दाखवतो. गप्पांची गंमत त्याने कमी झाली आहे, हे कबूल. न्यू जर्सीच्या बाईंची तक्रार आहे की हल्ली सगळं आकाशवाणीसारखं वाटतं.

रेकॉर्डिंग दोन दिवस थांबवता आलं असतं. घाई कुणालाच नव्हती. ‘तांत्रिक अडचण’ हे खोटंही नको होतं. ‘व्हिडिओत एका दुर्मीळ झाडाचं ठिकाण दिसत होतं म्हणून काढला’ एवढं वाक्य पुरलं असतं, आणि ज्या लोकांशी आपण पुढची दहा वर्षं रोपं वाटून घेणार त्यांच्याशी ते सरळ झालं असतं.

वनविभागाला पत्र आधी, मुलाला फोन नंतर, असा क्रम हवा होता का? माझं मत आता ‘हो’कडे झुकतं. त्याचं नाव द्यायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण आम्ही चौकशी करणारे नव्हतो, आणि काकांच्या एका फोनने दोन छाटा कुठे गेल्या हे शोधायची शक्यता संपली. तो मुलगा अजून मंडळात आहे. हॉवर्थिया आणि गॅस्टेरिया बियांपासून करतो, चांगले करतो.

परवाच्या गुरुवारी पुढच्या वक्त्यासोबत बसले होते. विषय ‘छोट्या बाल्कनीत मोठा संग्रह’. रानाचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे मी भराभर पुढे जात होते. अकराव्या स्लाइडवर त्याची बाल्कनी आली, कठड्याला ओळीने कलम केलेली ॲस्ट्रोफायटम, काही त्याने हजारो रुपये मोजून आणलेली, आणि खाली कोपऱ्यात काळी पट्टी: सोसायटीचं नाव, रस्ता, पिनकोड, सहा आकडी अक्षांश-रेखांश. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, ‘‘अहो ताई, हा आधी काढा.’’